वर्गाची फरशी वापर पाहून निवडा : मलाजखंड परिसरातील पालक व माजी विद्यार्थ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, जनभागीदारी समित्या,
मलाजखंड, बैहर व बिरसा परिसरातील महाविद्यालये

विषय : वर्गखोल्या, प्रयोगशाळा व ग्रंथालयांच्या नूतनीकरणात टिकाऊ फरशी बसवण्याबाबत

महोदय,

नूतनीकरणाची बैठक बसली की भिंतीचा रंग, पंखे, फळा यांवर तासभर बोलणे होते आणि फरशी ठेकेदारावर सोडली जाते. रंग सुट्टीत पुन्हा काढता येतो. फरशी उखडायची तर बाके बाहेर, वर्ग बंद आणि पुन्हा नव्या मंजुरीची वाट.

परिसरातल्या एका महाविद्यालयात हे आम्ही पाहिले आहे. पांढऱ्या चकचकीत टाइल्स बसल्या, फोटो निघाले. पुढे बाकाच्या लोखंडी पायाखालची टाइल तडकली, तिची कपची निघाली, त्या खळग्यात पाय रुतून बाक डुगडुगू लागले. मुलींनी वहीच्या पुठ्ठ्याची चौघडी करून पायाखाली सारली होती. आम्ही शेजारच्या टाइल्सवर रुपयाचे नाणे वाजवून पाहिले. भरीव टाइलचा आवाज बसका येतो, पोकळ टाइल ठणठणते. त्या ओळीत बऱ्याच ठणठणत होत्या. दोष टाइलचा नव्हता. सगळीकडे सारखा मसाला पसरण्याऐवजी पाच ठिकाणी गोळे ठेवून वरून टाइल दाबली होती.

म्हणून आमची पहिली मागणी फरशीच्या खालच्या कामाची आहे. मुरमाचा भराव थराथराने पाणी मारून धुमसाने ठोकला जावा, त्यावर काँक्रीटचा थर पडावा, मसाला टाइलच्या पूर्ण पाठीला लागावा आणि काँक्रीटवर किमान ७ दिवस पाणी राहावे. हे सगळे निविदेत शब्दांत लिहिलेले असावे. शेवटचे बिल निघण्यापूर्वी समितीचे दोन सदस्य आणि दोन विद्यार्थी यांनी प्रत्येक खोलीत नाणे वाजवून पाहावे. पोकळ निघालेली टाइल ठेकेदाराने बदलून द्यावी. निधी अपुरा पडत असेल तर दहाऐवजी सहा खोल्या घ्या, पण भरावात काटकसर करू नका.

दुसरी गोष्ट आपल्या मातीची. मलाजखंडचे तांबे गारगोटीच्या शिरांत आणि ग्रॅनाइटी खडकात आहे. १९८२पासून हिंदुस्तान कॉपर ते काढते आहे. मोह्स मापात गारगोटीचा कडकपणा ७, तर कोटा दगडातल्या चुनखडीचा ३. ही गारगोटी रस्त्याच्या मातीत आहे आणि मुलांच्या चपलांबरोबर वर्गात येते. त्या कणांवरून दिवसभर शेकडो पाय घासले की फरशीवर पॉलिशपेपर फिरवल्यासारखेच होते. झिलईच्या स्वस्त टाइलवरचा रंगीत थर मिलिमीटरभरही नसतो. तो गेला की टाइल गेली.

मग मऊ कोटा कशाला मागता, असे कोणी विचारील. कोटा वरपासून खालपर्यंत एकच दगड असतो. २५ मिलिमीटरची लादी झिजली तर मशीन फिरवून पुन्हा घासता येते, आणि हे अनेकदा करता येते. व्हरांडा, जिना आणि मोठ्या वर्गांसाठी आम्ही जाड कोटाच मागतो. पावसाळ्यात जिथे पाणी आत येते त्या व्हरांड्यात आणि रॅम्पवर तो खरबरीत ठेवावा, पॉलिश करू नये. ज्या वर्गांत टाइलच हवी तिथे पूर्ण जाडीत एकाच रंगाची व्हिट्रिफाइड टाइल घ्यावी. पाणी शोषण्याचे प्रमाण आयएस १५६२२मधल्या मर्यादेपेक्षा जास्त नाही, हे चाचणीच्या कागदावर दाखवून घ्यावे.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र कोटा नको, संगमरवर नको, मोझॅकही नको. हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब चुनखडीवर पडला की फेस येतो आणि पांढरा डाग कायमचा राहतो; मोझॅकमध्ये सिमेंट आणि संगमरवराची खडी असल्याने त्याचीही तीच गत. तिथे आयएस ४४५७च्या आम्लरोधक टाइल्स, सांध्यांतही आम्लरोधक मसाला.

संगणक कक्षात व्हिनाइल सुचवले जाते. वरच्या मजल्यावर हरकत नाही, आवाजही कमी होतो. तळमजल्यावर ओल अडवणारा थर नसेल तर जून ते सप्टेंबरात गोंद सुटून कडा वर येतात. ग्रंथालयाच्या खुर्च्यांना आणि सर्व बाकांना रबरी टोप्या लावाव्यात. खर्च किरकोळ आहे आणि कपच्या उडणे त्यानेही कमी होते.

दिव्यांग हक्क कायदा २०१६मध्ये झाला. तरीही व्हरांड्यातून वर्गात जाताना अनेक ठिकाणी पायरीएवढा उंबरा लागतो. जुन्या फरशीवरच नवी चढवली की तो आणखी वाढतो. जुनी काढूनच नवी बसवावी. त्याच लॉटच्या ५ टक्के टाइल्स महाविद्यालयाच्या कोठारात राखून ठेवाव्यात. ३० बाय २० फुटांच्या खोलीला दोन फुटी १५० टाइल्स लागतात, म्हणजे खोलीमागे आठ जास्तीच्या. पुढे तोच रंग बाजारात मिळत नाही.

बैगा आणि गोंड घरांतली मुले सारवलेल्या अंगणातून या वर्गांत येतात. घरची जमीन उकरली तर आई दुसऱ्या दिवशी सारवून टाकते. महाविद्यालयाची फुटकी टाइल मात्र वर्षानुवर्षे तशीच राहते, आणि मुलांना तीच आपल्या वाट्याची वाटू लागते. हे आम्हाला मान्य नाही.

निविदा काढण्यापूर्वी अंदाजपत्रकाची प्रत आम्हाला दाखवावी आणि चर्चेसाठी एक दिवस द्यावा, ही विनंती. या पत्राची हिंदी प्रत सोबत जोडली आहे.

आपले,
पालक व माजी विद्यार्थी, मलाजखंड परिसर