सोयाबीन पिकते वाशीमला, पण प्रक्रिया?

पौष्टिक म्हणून गव्हात मूठभर कच्चे सोयाबीन टाकून दळून आणणारी घरे वाशीम जिल्ह्यात बरीच. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात हे खरे. पण त्यांचे पचन अडवणारा ट्रिप्सिन-रोधक घटकही असतो, आणि तो नीट उष्णता दिल्याशिवाय निकामी होत नाही. किती तापमान, किती मिनिटे, हे तपासायला प्रयोगशाळा लागते. बचत गटाने ती कुठून आणावी?

पुणे विद्यापीठात विज्ञान-तंत्रज्ञान पार्क ऐंशीच्या दशकापासून आहे. वाशीम मात्र २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, आणि इथले सोयाबीन पोत्यातूनच बाहेर जाते. विदर्भाला हे जमत नाही असेही नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळमिल गावोगावी पोहोचली, आणि तूर विकणारे शेतकरी डाळ विकू लागले.

तेव्हा अमरावती आणि अकोला या दोन्ही विद्यापीठांनी मिळून वाशीमला पार्क उभारावा. काचेची इमारत नको. भाजणी यंत्र, तपासणीची प्रयोगशाळा आणि तासाच्या भाड्याने मिळणारी छोटी प्रक्रिया शेड, एवढ्यावर पहिल्या हंगामाला सुरुवात करता येते.