हेजिंगचा खर्च कोणत्या खात्यात?

बोदवडच्या एखाद्या जिनिंग-प्रेसिंगवाल्याने दिवाळीनंतर बांगलादेशातल्या सूतगिरणीला 500 गाठी विकल्या, असे धरू. गाठ 170 किलोची, म्हणजे 85,000 किलो रुई. पौंडाला 80 सेंट भाव ठरला तर बिल होते सुमारे दीड लाख डॉलरचे, आणि एलसी 90 दिवसांच्या मुदतीची. गाठीमागे 300 डॉलर येणार असतील, तर डॉलर एका रुपयाने उतरला की गाठीमागे 300 रुपये गेले आणि साऱ्या सौद्यात दीड लाख. जिनिंगचा धंदा गाठीमागच्या काही शे रुपयांवर चालतो. कापसातला ओलावा, रुईचा उतारा, सरकीचा भाव यांत जो व्यापारी अर्धा टक्काही सोडत नाही, तो इथे मात्र साऱ्या सौद्याचा नफा देवाच्या भरवशावर सोडून मोकळा होतो. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: डॉलर काय, चढतच असतो.

लांबच्या हिशेबात ते खरेही आहे. पण 2002 च्या मध्यात 49 रुपयांच्या आसपास असलेला डॉलर 2008 च्या सुरुवातीला 40 च्या खाली आला होता, आणि त्या साडेपाच वर्षांत निर्यात करणाऱ्यांची बिले 90 दिवसांचीच होती. उलट बाजूही खान्देशातच आहे. परदेशातून तूर आणणारी जळगावची डाळमिल, आयात राळेच्या भावावर जगणारा चटई आणि पाइपांचा कारखाना, धान्य निवडायचे परदेशी यंत्र हप्त्याने घेणारा उद्योजक यांना डॉलर चढला की घाम फुटतो. रावेरची केळी आखातात पाठवणारा मात्र त्याच दिवशी खुशीत असतो. एकाच तालुक्यात, एकाच बँकेच्या शाखेत दोघांची खाती असतात आणि बहुतेकदा दोघांनीही काही बांधून ठेवलेले नसते.

वायदा या भागाला नवा नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला तेव्हा मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाचा भाव कडाडला. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळला आणि मुंबईतल्या कितीतरी पेढ्या बसल्या. त्यानंतर दहा वर्षांनी, 1875 मध्ये, बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन उभी राहिली आणि कापसाच्या वायद्याला संघटित बाजार मिळाला. नजराणा मोजून तेजी किंवा मंदी लावायची रीत इथल्या पेढ्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. आजचा कॉल आणि पुट त्याच जातीचा. तरीही कंपनीच्या ताळेबंदात हाच व्यवहार आला की तो एकतर सट्टा ठरतो, नाहीतर बँकेने सांगितले म्हणून केलेली सही. तो उत्पादनखर्चाचा भाग आहे, वीजबिलाशेजारी त्याची ओळ असायला हवी, हे फार थोडे जण मानतात. गेल्या वीस वर्षांतली मोठी नुकसाने तपासली तर ती ओळ नसल्याची किंमत दिसते.

सर्वांत जवळचे मोठे उदाहरण जळगावचेच आहे. जैन इरिगेशनने फेब्रुवारी 2017 मध्ये नेदरलँड्समधल्या उपकंपनीमार्फत 20 कोटी डॉलरचे रोखे विकले, व्याज 7.125 टक्के, मुदत पाच वर्षे. तेव्हा डॉलर 67 रुपयांच्या आसपास होता. अशा कर्जावर डॉलर एका रुपयाने चढला की मुद्दल 20 कोटी रुपयांनी फुगते. सहामाही व्याज 71 लाख 25 हजार डॉलर. 67 च्या भावाने ते पावणेअठ्ठेचाळीस कोटी होते आणि 72 च्या भावाने एक्कावन्न कोटींच्या वर जाते. कंपनीची निर्यात होती, अमेरिका, इस्रायल आणि युरोपात उपकंपन्या होत्या. डॉलरचे उत्पन्न असलेल्याने डॉलरचे कर्ज काढावे, हा नैसर्गिक हेजिंगचा पहिला धडा, आणि कागदावर तो तंतोतंत बसत होता.

2019 मध्ये कंपनीची रोकड आटली आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात या रोख्यांवरचे व्याज थकले. त्याचे खापर रुपयावर फोडणे चुकीचे ठरेल. प्रकल्पांत अडकलेले खेळते भांडवल, सरकारी योजनांकडून रखडलेली येणी आणि पतमानांकनाची घसरण ही मुख्य कारणे होती. पुढे कर्जाची फेररचना मार्च 2022 मध्ये अमलात आली आणि परदेशातला सिंचन व्यवसाय मार्च 2023 मध्ये रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन झाला.

तरी वित्त व्यवस्थापकांनी या प्रकरणातून दोन गोष्टी काढाव्यात. पहिली, नैसर्गिक हेज हा चलनाचा मेळ असतो. मुदतीचा आणि मालकीचा मेळ त्यात आपोआप येत नाही. परदेशी उपकंपनीच्या खात्यातला डॉलर आधी तिथल्या बँकेचा असतो, मग तिथल्या पुरवठादाराचा आणि उरलाच तर मूळ कंपनीचा. एकत्रित ताळेबंदात जुळलेले आकडे हप्त्याच्या तारखेला जुळतीलच असे नाही. दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. फॉरवर्ड असो वा स्वॅप, तो बँकेने दिलेल्या पतमर्यादेवर उभा असतो. कंपनीची पत घसरते तेव्हा बँक सर्वांत आधी ही मर्यादा आवळते. संरक्षण हवेच असते त्या घडीला ते विकत मिळत नाही.

दुसरा धडा 2008 चा. आदल्या वर्षी रुपया मजबूत होत होता, निर्यातदार हवालदिल होते आणि बँका त्यांच्या दारी एक गोड माल घेऊन आल्या: प्रीमियम न लागणारी ऑप्शनची रचना. निर्यातदार एक ऑप्शन विकत घेणार आणि त्याचा प्रीमियम वळता करायला दुसरी एक किंवा अनेक ऑप्शने बँकेला विकणार. पुष्कळदा विकलेल्याची रक्कम घेतलेल्याच्या दुप्पट. कित्येक करार तर डॉलर आणि स्विस फ्रँकच्या भावावर बेतलेले होते, जरी त्या उद्योगाचा फ्रँकशी काडीचा संबंध नव्हता. वर्षअखेरीपर्यंत डॉलर 40 वरून 50 च्या घरात गेला, फ्रँकने वेगळीच वाट धरली आणि विकलेल्या ऑप्शनचे बिल आले. मुंबईच्या वोखार्डसारख्या नामांकित औषध कंपनीलाही डेरिव्हेटिव्हमधल्या तोट्यासह आलेल्या अडचणींतून 2009 मध्ये कर्जफेररचनेकडे वळावे लागले.

कोइमतूरच्या राजश्री शुगर्सने ॲक्सिस बँकेविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. हा करार म्हणजे पैज आहे, म्हणून तो रद्दबातल ठरवावा, अशी तिची मांडणी होती. ऑक्टोबर 2008 मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. 2006 मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात आलेल्या कलम 45-व्ही ने, एक पक्ष बँक असेल तर अशा डेरिव्हेटिव्ह करारांना कायद्याचा आधार दिला आहे. सही करणाऱ्याने नंतर 'कळले नव्हते' म्हणण्याला त्यामुळे फारशी जागा उरली नाही. बँकाही सुटल्या नाहीत. उत्पादन ग्राहकाला योग्य आहे का हे पाहण्याचे बंधन एप्रिल 2007 च्या मार्गदर्शक तत्त्वांतच होते. ते न पाळल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2011 मध्ये 19 बँकांना दंड केला. दंडाची रक्कम बँकेमागे 5 ते 15 लाख रुपये. ग्राहकांच्या तोट्यापुढे ती किती किरकोळ, हे सांगायला नको.

त्या पोळलेल्या हातांची खूण आजच्या नियमांत दिसते. सप्टेंबर 2020 पासून लागू झालेल्या परकीय चलन हेजिंगच्या नियमांनी ग्राहकांचे दोन गट केले. छोट्या, म्हणजे 'रिटेल' ग्राहकाला फॉरवर्ड करता येतो, साधे कॉल आणि पुट विकत घेता येतात, त्यांचे स्प्रेड विकत घेता येतात, स्वॅप करता येतो. ऑप्शन विकून प्रीमियम कमावण्याचा रस्ता त्याच्यासाठी बंद आहे. बोदवड, अमळनेर किंवा शिरपूरचा जवळपास प्रत्येक उद्योग याच गटात येतो. म्हणून 'झीरो कॉस्ट' हा शब्द कोणत्याही प्रस्तावात दिसला की सल्लागाराने थांबून विचारावे: यात ग्राहक नेमके काय विकतो आहे?

गंमत अशी, की निर्यातदाराला साधे हेजिंग बहुधा महाग नसतेच. भारतातले व्याजदर अमेरिकेपेक्षा चढे असल्याने पुढच्या तारखेचा डॉलर आजच्यापेक्षा महाग असतो; 2023 आणि 2024 मध्ये हा प्रीमियम बहुतेक काळ वार्षिक दीड ते अडीच टक्के होता. डॉलर 85 रुपये आणि प्रीमियम दोन टक्के धरला, तर 90 दिवसांच्या फॉरवर्डवर डॉलरमागे सुमारे 42 पैसे वर मिळतात. वरच्या 500 गाठींच्या सौद्यात ते त्रेसष्ट हजार रुपये होतात. आयातदाराला मात्र तेच पैसे मोजावे लागतात, आणि तो तिथेच हात आखडता घेतो.

खरी गळती दुसरीकडे असते. शाखेतून कळवलेल्या दरात बँकेने 20 पैसे कापून घेतले, तर याच बिलावर 30,000 रुपये गेले. म्हणजे मिळालेल्या प्रीमियमपैकी जवळजवळ अर्धा. क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा एफएक्स-रिटेल हा मंच ऑगस्ट 2019 पासून सुरू आहे. तिथे छोट्या ग्राहकाला डॉलरचा चालू भाव पडद्यावर दिसतो. रिटेल ग्राहकाला डेरिव्हेटिव्ह विकताना मध्य-बाजारभाव सांगण्याची अपेक्षा नियमांतच आहे. तो भाव मागून घेणे आणि फाइलला लावणे, एवढे काम तरी हिशेबनीसाला सहज जमण्यासारखे आहे.

फॉरवर्डची एक अडचण मात्र मोकळेपणाने सांगायला हवी. माल नाकारला गेला किंवा खरेदीदार फिरला, तर बांधलेला फॉरवर्ड त्या दिवशीच्या भावाने मोडावा लागतो, आणि डॉलर चढलेला असेल तर तोटा खिशातून जातो. सौदा पक्का नसेल तिथे पुट विकत घ्यावे. प्रीमियम जातो, पण नुकसानीला तेवढीच हद्द राहते.

व्याजाचा धोका याहून दुर्लक्षित आहे. ऑक्टोबर 2019 पासून सूक्ष्म आणि लघुउद्योगांची नवी बदलत्या दराची कर्जे बाह्य मापदंडाला, बहुधा रेपोला, जोडली गेली. रेपो मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या नऊ महिन्यांत 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. वर्षभर सरासरी 4 कोटींची सीसी वापरणाऱ्यावर 10 लाखांचा बोजा वाढला. हंगामात 20,000 गाठी बांधणाऱ्याला तो गाठीमागे 50 रुपये पडला. फेब्रुवारी 2025 पासून रेपो पुन्हा उतरू लागला, तेव्हा हाच दुवा फायद्याचा ठरला. व्याजदराचा स्वॅप किंवा कॅप यावर नियमाने उपलब्ध आहे. पण मुंबईचा स्वॅप बाजार बँका आणि बड्या कंपन्यांचा; चार कोटींच्या सीसीसाठी असा करार करायला बँकेला रस नसतो. अशा उद्योगाने मुदतकर्जाचा काही भाग स्थिर दराने घ्यावा, रेपोवरचा स्प्रेड दरवर्षी घासाघीस करून कमी करून घ्यावा आणि गाठींचा साठा किती दिवस धरायचा हे व्याज मोजून ठरवावे. डेरिव्हेटिव्हशिवाय होणारे हे हेजिंग आहे.

डॉलरमधले पॅकिंग क्रेडिट हा निर्यातदाराचा आवडता तोडगा. कर्ज डॉलरचे, फेड निर्यात बिलातून, म्हणून चलनाचा धोका उरत नाही. व्याजाचा उरतो. लायबोरचे डॉलरमधले दर जून 2023 अखेर बंद झाले आणि कर्जे सोफर या दराला जोडली गेली. त्याच सुमारास अमेरिकेच्या फेडने मार्च 2022 मधला जवळजवळ शून्य दर जुलै 2023 पर्यंत 5.25 ते 5.50 टक्क्यांवर नेला होता. दीड लाख डॉलर 90 दिवसांसाठी घेणाऱ्याला एवढ्या वाढीने गाठीमागे सुमारे चार डॉलर जास्त मोजावे लागले, म्हणजे तीनशेवर रुपये. चलनात वाचवलेले व्याजात गेले, आणि दोन्ही आकडे वेगवेगळ्या खात्यांत असल्याने मालकाला ते कळलेही नाही.

सनदी लेखापालांचे काम इथे सुरू होते. डेरिव्हेटिव्हचा नफातोटा एकटा पाहिला की दरवेळी गैरसमज होतो. डॉलर चढला तर फॉरवर्ड तोट्यात दिसतो आणि मालक म्हणतो, उगाच केला. बिलाचे वाढलेले रुपये त्याच्या लेखी 'धंद्याचे' असतात. मालाचा सौदा, त्यावरचा फॉरवर्ड आणि त्यासाठीचे कर्ज एका पानावर लिहिले की हा वाद मिटतो. बड्या कंपन्यांना इंड एएस 109 ने हेज अकाउंटिंगची शिस्त लावली. बाकीच्यांसाठी एएस 11 आहे आणि एप्रिल 2016 पासून इन्स्टिट्यूटची डेरिव्हेटिव्हवरची मार्गदर्शक टिपही आहे. खान्देशातल्या किती ताळेबंदांत ती खरोखर उतरते, हा प्रश्न प्रत्येक फर्मने आपल्या फायली उघडून सोडवावा.

बँकाही आता हा हिशेब मागतात. न बांधलेल्या परकीय चलनाच्या जोखमीची माहिती कर्जदाराने दर तिमाहीला द्यायची आणि वर्षातून एकदा ती लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यायची, असा नियम आहे. संभाव्य तोटा वार्षिक कमाईच्या 15 टक्क्यांवर गेला की बँकेला जादा तरतूद करावी लागते. 75 टक्क्यांच्या पुढे 0.80 टक्के तरतूद आणि 25 टक्के अंकांनी जादा जोखीमभार. हा बोजा शेवटी व्याजदरातून कर्जदाराकडेच येतो. आज हे प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीचा कागद पुढे ओढून, तारीख बदलून दिले जाते.

येत्या मार्चअखेरीस त्याच कागदाला तीन रकाने जोडावेत: प्रत्येक बिलाची देय तारीख, त्यावर केलेला फॉरवर्ड किंवा ऑप्शन आणि त्याचा गाठीमागे, क्विंटलमागे किंवा नगामागे पडलेला खर्च. कॉस्ट शीटमध्ये ही ओळ आली की पुढच्या हंगामात भाव सांगताना व्यापारी ती धरूनच भाव सांगेल. मर्यादा नूतनीकरणाच्या अर्जात फॉरवर्ड लिमिटची मागणीही तेव्हाच, पत चांगली असताना, घालून ठेवावी.