घामाचा हिशेब कुणाच्या वहीत?

आमच्या धक्क्यावरचा एक गडी दुबईला गेला. एअरपोर्टवर आम्ही त्याला हार घातला, जय भीमच्या घोषणा दिल्या. तीन वर्षांनी परत आला तेव्हा एक बॅग, एक जाड ब्लँकेट आणि मोबाइलमध्ये फोटो. पगाराचा एक कागद नाही. पैसा कुठाय विचारलं तर बोलला, "भावाला धाडत होतो ना, हवालावाल्याकडनं." भाऊ म्हणतो घरात गेला. घर भावाच्या नावावर. भांडण चाळीच्या नळापर्यंत आलं. मी दोघांच्या मधे उभा, आणि माझ्याकडं बोलायला एक आकडा नव्हता. कविता होत्या. त्या भरपूर आहेत आपल्याकडं.

दोस्तहो, आपण मोर्च्याला जातो, व्यवस्थेला शिव्या घालतो, पण पगाराची स्लिप वाचत नाही. मालक मात्र वाचतो. तोच ती लिहितो.

या गड्याला पहिला गंडा इथंच बसला. एजंटनं लाखभर घेतले. १९८३च्या एमिग्रेशन कायद्याखालच्या नियमानं परवानाधारक एजंटला तीस हजार आणि वर जीएसटी, एवढीच फी घेता येते, तीही पावती देऊन. पावती मागितली का? तर म्हणे, "मागितली तर व्हिसा कोण देणार, तुझा बाप?" दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असतो. आखातात जायला त्याला सरकारची वेगळी परवानगी लागते, त्याचं रक्षण व्हावं म्हणून. मी मॅट्रिक, म्हणून मला ती लागत नाही. सर्टिफिकेटचा एवढाच उपयोग, पोती मी अजून उचलतोच. आणि शिक्का असलेल्याचं रक्षण किती झालं, ते लाख रुपयांनी सांगितलंच.

आता पगार. दुबईत २००९पासून पगार बँकेतनं नाहीतर एक्स्चेंज हाऊसमधनं द्यावा लागतो, म्हणजे दिला की बुडवला ते तिथल्या सरकारला दिसतं. आमच्या गड्याचं कार्ड होतं मुकादमाच्या खिशात! कार्ड आणि त्याचा नंबर दुसऱ्याच्या हातात म्हणजे पगार दुसऱ्याचाच.

त्याहून बारीक चोरी करारात. बाराशे दिरहमचा पगार, त्यात बेसिक सहाशे, बाकी अलाउन्स. हातात बाराशे पडतात, माणूस खूष. पण सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात, पहिली पाच वर्षं वर्षाला एकवीस दिवसांची. सहाशेच्या बेसिकवर तीन वर्षांचे १,२६०. बेसिक बाराशे असती तर २,५२०. एका ओळीत अर्धी ग्रॅच्युइटी गेली, आणि सही आपलीच.

बँकेचं ऐका. गडी सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला एका बँकेत नेलं. एनआरई खातं म्हटल्यावर काउंटरवरच्या साहेबानं त्याच्या चपलांकडं बघितलं. "एनआरआय? हा?" अमेरिकेत कॉम्प्युटरवर बसणारा तो एनआरआय, आणि उन्हात सळया बांधणारा कोण मग? कायदा दोघांना एकच आहे. एनआरई खात्यात तिकडची कमाई आपल्या नावानं येते, व्याजावर इथं कर नाही. जुनं बचत खातं एनआरओ करून घ्यायचं, त्याच्या व्याजावर मात्र तीस टक्के कापतात. गडी त्या दिवशी तसाच उठला. पुढं हवाला. हवाला बेकायदा आहे हे एक, आणि त्यात तुझा घाम तुझा होता याला पुरावा नाही हे दुसरं. मला दुसरं जास्त लागतं.

टॅक्सला लोक उगाच भितात. तिथं पगारावर इन्कम टॅक्स नाही. एप्रिल ते मार्चमध्ये १८२ दिवस इथं भरले नाहीत तर नोकरीला गेलेला माणूस अनिवासी धरतात, आणि तिकडच्या पगारावर इथं कर लागत नाही. पंचवीस सप्टेंबरच्या आत गेलास आणि मार्चपर्यंत आला नाहीस तर त्याच वर्षी अनिवासी. ऑक्टोबरात गेलास तर ते वर्ष तू इथलाच, तिकडची कमाई इथल्या हिशेबात येते. आपल्या पगाराला बहुधा काही भरावं लागणार नाही, पण तारीख माहीत पाहिजे.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. दोन वर्षांनी हिल्टन यंग कमिशनपुढं साक्ष दिली. हुंडणावळीचा दर पाडला की व्यापाऱ्याचा फायदा होतो, पण तो बाहेरून येत नाही, मजुराच्या खिशातून येतो, असं त्यांचं म्हणणं. आपण त्यांचा फोटो लावतो आणि दिरहमचा भाव हवालावाल्याला विचारतो.

परदेशातनं या देशात वर्षाला शंभर अब्ज डॉलरच्या वर पैसा येतो. मंत्री भाषणात सांगतात. त्यात आपल्या चाळीतल्यांचे किती, ते कुणी मोजलेलं नाही, कारण हवालाच्या पैशाची नोंदच नाही.

पुढच्या महिन्यात आणखी दोघं निघालेत. करार इंग्रजी-अरबीत आहेत. रविवारी विहारात घेऊन या म्हणालोय, सही करायच्या आधी. वहिनींनाही आणा, खात्यावर वारस म्हणून त्यांचं नाव लागलं पाहिजे. डिक्शनरी मी आणतो.