पाप आणि वय

वसईच्या मराठी कॅथलिक घरातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या मनात प्रथम अभिलाषा जागते, तेव्हा त्याची श्रद्धाच त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करते. वासनेने पाहणे हाही मनातला व्यभिचारच, ही मत्तयच्या शुभवर्तमानातील शिकवण त्याने ऐकलेली असते. मग मनात उमटणारी प्रत्येक लहर त्याला पाप वाटू लागते.

वस्तुतः त्याचा धर्म इतका निर्दय नाही. आपोआप उठणारी भावना पाप नव्हे; जाणूनबुजून दिलेली संमती पापास कारण होते, असा विवेक कॅथलिक नीतिशास्त्राने केला आहे. संत ऑगस्टीन यांनी सोळाव्या वर्षीची आपली तगमग ‘कन्फेशन्स’मध्ये उघड मांडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच वयानुरूप लैंगिक शिक्षणाचा पुरस्कार केला. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये त्यास दुजोरा दिला. मुलापर्यंत मात्र भय पोहोचते, विवेक वाटेतच राहतो.

याचा दोष एकट्या चर्चच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रात २००७ मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम विरोधामुळे थांबवण्यात आला. बंदीने मागणी संपत नाही, ती काळ्या बाजाराकडे वळते, हे अर्थशास्त्राचा नवखा विद्यार्थीही जाणतो. या ज्ञानाचा काळा बाजार आज मोबाईलच्या पडद्यावर भरतो.

कॅथलिक मुलाला निदान पापनिवेदनाची जाळी आहे. शिरवळसारख्या गावातील इतर मुलांना मन मोकळे करण्यास तेवढीही जागा नाही. पाप कोणते हे सांगण्यापूर्वी वय म्हणजे काय हे समजावणे, हे पालक, शिक्षक आणि धर्मगुरू या तिघांचेही कर्तव्य आहे.