घरात साप पाळावा काय? गृहस्थाचा विवेक

श्रावण शुद्ध पंचमीस पाटावर गंधाने नाग रेखून, लाह्या-दुधाचा नैवेद्य दाखवून सापाचे स्मरण करणारी आपली घरे. वर्षातून एक दिवस त्यास पूजावे, आणि उरलेले दिवस त्याने आपल्या वाटेस जाऊ नये व आपण त्याच्या, असा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा करार. परंतु अलीकडे कीर्तन आटोपल्यावर एक निराळाच प्रश्न आमच्यापुढे वारंवार येऊ लागला आहे. लेक अमेरिकेत स्थायिक झालेली. नातू तेथल्या शाळेत जाणारा. आणि वाढदिवसाची भेट म्हणून त्यास हवा आहे साप! आजीच्या पोटात गोळा उठतो. आजोबा विचारतात, "बुवा, हे शास्त्रास धरून आहे काय?" तेथल्या बाजारात जे साप राजरोस विकत मिळतात त्यांत 'बोआ' नावाचे एक कूळ आहे. बुवांनी बोआविषयी मत द्यावे, हा योग मोठा गमतीचा खरा. पण प्रश्न गमतीवारी नेण्याजोगा नाही. त्यात एका मुक्या जिवाचे वीस-पंचवीस वर्षांचे आयुष्य गुंतलेले आहे.

प्रथम बोआ म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे अजगर सर्वांस ठाऊक आहे. 'अज' म्हणजे बोकड, त्यास गिळणारा तो अजगर. अमरकोशाने त्यास 'शयु' असेही नाव दिले आहे. शयु म्हणजे पडून राहणारा. बोआ हा अजगराच्या चालीचा साप. त्यास विष नाही. भक्ष्यास विळखे घालून मारायचे व सबंध गिळायचे, ही त्याची रीत. अजगर अंडी घालतो आणि बहुतेक बोआ पिलांना जन्म देतात, हा मोठा भेद. मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या बोआचे शास्त्रीय नामकरण कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये केले. दुकानात मिळणारे त्याचे पिलू असते जेमतेम दीड-दोन फुटांचे; मनगटाभोवती वेढा घालून बसते आणि पाहणाऱ्याचे मन मोहून घेते.

फसगत होते ती येथेच. हेच पिलू, विशेषतः मादी, काही वर्षांत सात ते दहा फुटांची होते आणि वीस ते तीस वर्षे जगते. मग सदनिकेत जागा पुरत नाही, घरातली माणसे धास्तावतात, आणि हौस फिटलेला मालक एके रात्री त्यास रानात सोडून येतो. त्याचे परिणाम आज जगापुढे आहेत. फ्लोरिडातील एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेले ब्रह्मी अजगर माजले आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथे रॅकून नावाचा प्राणी दिसण्याचे प्रमाण पूर्वीच्या मानाने ९९ टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने या अजगराची आयात व एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वाहतूक निर्बंधित केली. कॅरिबियन समुद्रातील अरुबा बेटावर १९९९ मध्ये मोठा बोआ प्रथम आढळला आणि तो आता तेथला कायमचा रहिवासी झाला आहे. सापाने कोणाचेही वाईट चिंतिले नव्हते. माणसाने आपली शक्ती न ओळखता त्यास घरात आणले, आणि जबाबदारी न ओळखता बाहेर टाकले.

म्हणून आमचे पहिले मत असे, की नवशिक्याने मोठा बोआ घेऊच नये. पाळायचाच असेल तर पूर्ण वाढूनही लहान राहणारा निवडावा. निवडीचे माप आज दिसणारे पिलू नव्हे, तर पूर्ण वाढलेले शरीर.

असे लहान बोआ कोणते? कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि मेक्सिको येथील कोरड्या, खडकाळ मुलखातला 'रोझी बोआ' हा एक. अंगावर बहुधा तीन लांब पट्टे, लांबी साधारण दोन ते तीन फूट, चाल संथ, स्वभाव शांत. दुसरा पूर्व आफ्रिकेतला 'केनियन सँड बोआ'. याचा नर सव्वा-दीड फुटाचा, मादी दोन-अडीच फुटांची. तिसरा 'रबर बोआ', अमेरिकेच्या वायव्य भागातला, दोन फुटांच्या आसपासचा. पण त्यास थंडावा लागतो आणि रानातून धरण्यावर कित्येक ठिकाणी बंधने आहेत. याशिवाय होंडुरासजवळच्या कायोस कोचिनोस बेटांवरचा फिकट रंगाचा, खुजा बोआ आहे. १९८० च्या दशकात हौशी लोकांच्या मागणीपायी तो इतका धरून नेण्यात आला, की त्या बेटांवर तो दुर्मिळ झाला होता. लहान आणि देखणा असणे हेही सापाच्या जिवावर बेतते ते असे.

या सर्वांत नवशिक्या घरास आम्ही रोझी बोआच सुचवू. केनियन सँड बोआही सोसणारा खरा. पण तो दिवसाचा बहुतेक काळ वाळूत गडप असतो, आणि ज्या मुलास साप पाहायचा आहे त्यास रोज वाळूची पेटीच पाहावी लागते. मग त्याचा जीव विटतो. मात्र कोणताही घेतला तरी तो पाळीव आईबापांच्या पोटी जन्मलेलाच असावा. रानातून धरून आणलेला साप घेणे म्हणजे चोरीच्या मालास गिऱ्हाईक होणे. तसेच त्या राज्याचा कायदा आधी पाहावा. हवाई बेटांवर साप पाळण्यास पूर्ण मनाई आहे, हे उदाहरण पुरेसे आहे.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. आमच्या वाचकांची घरे बहुशः शाकाहारी. आणि साप आहे निखळ मांसाहारी. त्यास दूध नको, फळ नको, भात तर नकोच नको. रोझी बोआचे अन्न म्हणजे उंदीर. तेथे आधीच मारून गोठवलेले उंदीर मिळतात; ते घरच्या शीतपेटीत ठेवावे लागतात, कोमट करून चिमट्याने द्यावे लागतात. लहान पिलास आठवड्यास एक, प्रौढास दहा-पंधरा दिवसांतून एक, हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. चातुर्मास आहे, एकादशी आहे म्हणून सापास उपास घडवणे हा धर्म नव्हे. ती हिंसा आहे. ज्याचा आहार त्यास देणे हाच त्याच्या बाबतीत आपला धर्म. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले त्यांत अजगरही आहे आणि सापही आहे. आपोआप मुखी आले तेवढ्यावर निर्वाह करावा, ही अजगराची शिकवण. एकटे, निःसंग राहावे, ही सापाची. पेटीतल्या सापाच्या मुखी मात्र आपोआप काहीच येत नाही. ते आपल्या हातूनच यावे लागते. ज्या घरास फ्रीजमध्ये उंदीर ठेवणे मनापासून मानवणार नाही त्या घराने साप आणू नये. त्यात लाज नाही. लाज आहे ती आणून उपाशी ठेवण्यात. आणि साप निःसंग आहे हे ध्यानी धरून "त्यास करमत नसेल" अशा भाबड्या समजुतीने एका पेटीत दोन कोंबू नयेत.

निगेच्या आणखी चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत. काचेच्या पेटीस घट्ट, कुलूप लागणारे झाकण हवे. बोटभर फटीतूनही हा प्राणी निसटतो. पेटीचे एक टोक ३० ते ३२ अंश सेल्सियस उबदार आणि दुसरे २४-२५ अंश असे ठेवावे लागते, कारण सापास स्वतःची ऊब निर्माण करता येत नाही. तो जागा बदलून ती साधतो. ही उष्णता थर्मोस्टॅट नावाच्या यंत्रानेच राखावी, अंदाजाने नव्हे. लपावयास दोन्ही टोकांना आडोसा हवा. खाणे झाल्यावर दोन दिवस त्यास हाती घेऊ नये. डोळे निळसर, धुरकट दिसू लागले की तो कात टाकणार आहे असे समजून त्यास एकांत द्यावा. हाताळल्यावर साबणाने हात धुणे तर नित्याचेच. कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगी साल्मोनेला नावाचे रोगजंतू असू शकतात. पाच वर्षांखालील मुले, पासष्ट वर्षांवरील वृद्ध आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेली माणसे ज्या घरी आहेत तेथे असे प्राणी ठेवू नयेत, असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. सहा-सहा महिने लेकीकडे राहावयास जाणाऱ्या आजी-आजोबांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

आणि एक साधा हिशेब मांडावा. नातू आज बारा वर्षांचा आहे. अठराव्या वर्षी तो महाविद्यालयासाठी दूर जाईल. तेव्हा साप सहा वर्षांचा असेल आणि त्याचे पंधरा-वीस वर्षांचे आयुष्य उरलेले असेल. तो कोणाच्या हाती? "आम्ही सांभाळू" असे आईबापांनी आज मनापासून म्हटले तरच पेटी विकत घ्यावी.

नागपंचमीस या पाळीव सापाचे काय करावे, असेही आम्हांस विचारण्यात येते. काहीही करू नये. साप दूध पचवीत नाही; तहानेने व्याकूळ केलेला साप जे पितो ते पाण्याच्या आशेने. हळद-कुंकवाने त्याच्या डोळ्यांना इजा होते. पूजा पाटावरच्या नागाची करावी, आणि पेटीतल्यास ताजे पाणी घालून शांत राहू द्यावे.

हे झाले परदेशाचे. येथल्या वाचकांसाठी मात्र आमचे मत अगदी निराळे व निःसंदिग्ध आहे. केनियन सँड बोआचा सख्खा भाऊबंद आपल्या शेतात राहतो. तो म्हणजे मांडूळ. ज्यांच्या नावाने इंग्रजीत घोणस ओळखली जाते, त्या पॅट्रिक रसेल यांनी १८०१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याची शेपटी बोथट, तोंडासारखी दिसते म्हणून लोक त्यास दुतोंड्या म्हणतात. वास्तविक तोंड एकच. पण त्या भ्रमावर दुसरा भ्रम रचला गेला, की मांडूळ घरी ठेवले की धन येते. आणि त्यापायी या गरीब जिवाचे वजनावर लाखोंचे सौदे होतात. मांडूळ धरणे, बाळगणे, विकणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. त्याने आलेले धन आम्ही तरी पाहिले नाही. तुरुंगात गेलेली माणसे वृत्तपत्रांतून सर्वांनी पाहिली आहेत. मांडूळ धन देते ते शेतातले उंदीर खाऊन. आणि ते घरात कोंडल्यावर नव्हे, बांधावर मोकळे राहिल्यावर. त्याचाच दुसरा भाऊबंद दुरक्या घोणस. तो विषारी घोणशीसारखा दिसतो म्हणून नाहक मारला जातो. साप ओळखता येत नसेल तर त्यास मारूही नये, धरूही नये, वनखात्यास कळवावे.

नागपंचमीस आपण चिरत नाही, तळत नाही, जमिनीत नांगर घालीत नाही. एका दिवसापुरता आपल्या हातास आवर घालतो. साप पाळणे हे असेच व्रत आहे. फरक इतकाच, की ते वीस वर्षांचे आहे. परदेशातल्या ज्या घरास ते झेपेल त्याने चिमुकला बोआ आणावा, नीट सांभाळावा. ज्यास झेपणार नाही त्याने नातवास सर्पोद्यान दाखवावे, सापांचे एखादे चांगले पुस्तक घेऊन द्यावे. आणि इकडे आपण बांधावरच्या मांडुळास त्याच्या वाटेने जाऊ द्यावे.