शेऱ्याचा रकाना

दापोडीच्या एस. टी.च्या मध्यवर्ती कार्यशाळेत भांडारपाल म्हणून ज्याचे उभे आयुष्य गेले, त्या माणसापुढे कोणतीही वस्तू ठेवा, तो प्रथम तिची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची याचा विचार करील, आणि मग ती वस्तू आहे काय याचा. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेने कोल्हापुराभोवतीची गावे पोटात घेतली, शिरोलीपाशी पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली राहिला, तेव्हा आमच्या भागातील एका शाळेच्या बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "काका, मुलांनी पूरग्रस्तांसाठी सामान गोळा केलंय. तुम्ही जरा यादी करून द्याल का?" या विनंतीत माझ्या सेवानिवृत्त जीवाला एखाद्या बढतीचा आनंद झाला, हे मी प्रांजळपणे कबूल करतो.

शाळेच्या व्हरांड्यात बोचक्यांचा डोंगर रचला होता. पहिले बोचके सोडले तर त्यातून काठ सुटलेल्या तीन साड्या, बटणे नसलेला सदरा आणि एकाच पायातली चप्पल निघाली. दुसऱ्यात मुदत उलटून गेलेल्या औषधाच्या पट्ट्या होत्या. देणाऱ्यांच्या सद्भावनेविषयी मला यत्किंचितही शंका नाही. परंतु आपल्याकडे दानधर्म आणि माळ्याची साफसफाई या दोन पुण्यकर्मांची सरमिसळ फार जुनी आहे. बाई मात्र खमक्या. त्यांनी माझ्या नोंदवहीत अनुक्रम, तपशील, नग या तीन रकान्यांपुढे चौथा 'शेरा' आखविला आणि मुलांना बजावले की, जी वस्तू आपण स्वतः चारचौघांत वापरणार नाही तिच्यापुढे फुली मारा. संध्याकाळपर्यंत अर्ध्याहून अधिक डोंगर फुल्यांखाली गेला. त्याच आठवड्यात आमच्या मुळा-पवनेच्या संगमाकाठच्या वस्तीतही पाणी शिरले होते. त्या वस्तीतली एक मुलगी दुसऱ्या दिवशी एक कंपासपेटी घेऊन आली. पेटी नवी नव्हती, पण आतील कर्कटक, गुण्या, कोनमापक सारे जागच्या जागी होते. मी शेऱ्यात 'पूर्ण' असे लिहिले.

यादी करता करता एक गोष्ट ध्यानात आली आणि मला एकट्यालाच हसू फुटले. ज्या दिशेला आम्ही ही वापरलेली वस्त्रे धाडणार होतो, तिथे कोल्हापूरलगत गांधीनगर आहे, आणि गांधीनगर म्हणजे कापडाची दक्षिण महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या घाऊक पेठांपैकी एक. ज्यांच्या घरची पेठच कापडाची, त्यांच्या मुलखात आमचे फाटके सदरे पाठविणे म्हणजे साखर कारखान्याला गुळाचा खडा भेट देण्यासारखेच. आणि हे गांधीनगर वसविले आहे ते निर्वासितांनीच. तेही एकदा नव्हे, दोनदा.

पहिली कहाणी पोलंडची. १९३९ च्या सप्टेंबरात त्या देशाचे लचके एका बाजूने जर्मनीने आणि दुसऱ्या बाजूने रशियाने तोडले, आणि १९४० च्या फेब्रुवारीपासून पूर्व पोलंडातील लाखो माणसांना घरादारांतून उठवून, मालगाड्यांत कोंडून सैबेरियाच्या अरण्यांत आणि कझाकस्तानच्या माळांवर रवाना करण्यात आले. पुढच्या वर्षी हिटलरने रशियावरच स्वारी केली, तेव्हा जुलै १९४१ मध्ये मॉस्को आणि लंडनमधील पोलिश सरकार यांच्यात करार होऊन ही माणसे सुटली. सुटली म्हणजे काय, तर उपाशीपोटी दक्षिणेकडे निघाली. जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्यामागून कॅस्पियन समुद्र ओलांडून ती इराणात पोहोचली, तेथून कराचीस, आणि १९४३ च्या पावसाळ्यात त्यांतली सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक स्त्रिया आणि मुले, मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरील वळिवडे या गावच्या छावणीत उतरली. पाच-पंचवीस नव्हेत, पाच हजार. बंगालात दुष्काळाने माणसे रस्त्यात पडत होती ते हेच वर्ष, हे विसरू नये.

'कोल्हापूरच्या महाराजांनी आश्रय दिला' असे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेही. तथापि भांडारपालाने खाते नीट मांडले पाहिजे. त्या काळी गादीवर अगदी बालवयाचे छत्रपती असून कारभार रीजन्सीकडे होता. जमीन संस्थानची, इंग्रज सरकारची मंजुरी आणि बंदोबस्त, आणि खर्चाचा मुख्य भार लंडनस्थित पोलिश सरकारचा. आदरातिथ्याचे श्रेय एकाच नावावर टाकल्याने ते मोठे होत नाही. भाजी, दूध, अंडी घेऊन बराकींपर्यंत जाणारे वळिवड्याचे आणि उचगावचे कुणबी कोणत्याच खात्यात दाखल नाहीत, आणि त्यांच्याशी भाव करता करता ज्या गोऱ्या मुलांनी मराठी आकडे पाठ केले तीही नाहीत.

छावणीत लांबलचक बराकी होत्या, त्यांत कुटुंबागणिक खोल्या आणि पुढे ओसरी. चर्च होते, इस्पितळ होते, नाटके होत. परंतु मला सर्वाधिक अचंबा वाटतो तो शाळांचा. ज्या मुलांची दोन-दोन, तीन-तीन वर्षे लाकडे तोडण्याच्या छावण्यांत आणि आगगाड्यांच्या फलाटांवर गेली होती, जी वयाने मिसरूड फुटायच्या बेतात आणि अक्षराने बाराखडीत होती, त्यांच्यासाठी प्राथमिक शाळांपासून थेट माध्यमिक विद्यालयापर्यंत सारी इमारत त्या माळावर उभी राहिली, आणि शिकविणाऱ्या बहुसंख्य बाया त्याच निर्वासितांतल्या होत्या. आपले घर कुठे आहे हे जिला ठाऊक नाही, तिने समोरच्या पोराला आपल्या देशाचा भूगोल शिकवावा! कात्यानच्या हत्याकांडातून बचावलेला झ्दिस्लाव पेश्कोव्स्की नावाचा तरुण लष्करी अधिकारी तेथे बालवीरांची पथके चालवीत होता. तोच पुढे धर्मोपदेशक झाला. गांधीजींनी जिला उमादेवी हे नाव दिले ती वांडा दिनोव्स्का या मुलांना भारताची ओळख करून द्यावयास येई. औंध संस्थानच्या राज्यघटनेच्या कामी ज्याचे साह्य झाले त्या मॉरिस फ्रीडमनसमवेत तिने १९४४ मध्ये भारत-पोलिश ग्रंथमाला काढली. वाहून आणलेल्या वस्तूंत या लोकांपाशी मोलाचे असे काही उरले नव्हते. जे होते ते शिकविणाऱ्यांच्या डोक्यात होते, आणि त्याची कुणी यादी केली नाही.

युद्ध संपले, आणि चमत्कार असा की या लोकांचे निर्वासितपण त्या दिवसापासून पक्के झाले. याल्टाच्या वाटाघाटींत त्यांची गावेच रशियाच्या हद्दीत गेली. जुलै १९४५ मध्ये इंग्रजांनी लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. छावणीचा योगक्षेम 'उन्रा' या आंतरराष्ट्रीय मदत व पुनर्वसन संस्थेकडे गेला, आणि १९४८ पर्यंत कुणी इंग्लंडात, कुणी ऑस्ट्रेलियात, कुणी आफ्रिकेत पांगले. बराकी रिकाम्या होतात न होतात तोच सिंधमधून उखडलेली कुटुंबे त्यांत राहावयास आली. तेच आजचे गांधीनगर.

आता हे सारे कोल्हापुराकडचे, त्याचे दापोडीस काय, असे कुणी विचारील. तर आमच्या स्थानकावरून लोकलमध्ये बसावे. कासारवाडी गेली की पिंपरी, म्हणजे दुसरेच स्थानक. तेथेही फाळणीनंतर सिंधी बांधवांचा कॅम्प पडला, आणि त्या बाजारपेठेला आजही सारे कॅम्पच म्हणतात. तेथूनच थोड्या अंतरावर एचए, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९५४ साली सरकारने स्थापिलेल्या या पेनिसिलिनच्या कारखान्याची यंत्रसामग्री युनिसेफच्या साह्याने आली आणि तांत्रिक मार्गदर्शन जागतिक आरोग्य संघटनेने केले. युनिसेफ निघाली होती ती डिसेंबर १९४६ मध्ये, मुख्यत्वे युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपातील मुलांना दूध आणि वस्त्रे पुरविण्यासाठी. तिच्या हाती आरंभीचे जे भांडवल आले त्यात आवरत्या घेतलेल्या त्या 'उन्रा'ची शिल्लक होती. आणि तिचा पहिला अध्यक्ष होता लुडविक राइखमन नावाचा डॉक्टर, जातीचा जंतुशास्त्रज्ञ आणि देशाने पोलिश. भांडारपालाच्या भाषेत याला शिल्लक पुढे ओढणे म्हणतात. आमच्या पिढीतल्या किती पोरांचे न्यूमोनिये त्या पिंपरीच्या कुपीने उतरले, त्याची पावती आम्ही कोणाच्या नावे फाडावयाची?

असो. आमची निवडक गाठोडी महामार्ग मोकळा होताच एका मालमोटारीतून रवाना झाली. तीन आठवड्यांनी शिरोळ तालुक्यातील एका शाळेच्या मुख्याध्यापकांचे पत्र आले. वह्या आणि कंपासपेट्या पोहोचल्याचे कळवून त्यांनी अतिशय संकोचाने लिहिले होते की, कपडे आता पुरे. जमल्यास एक भिंतीवरचे घड्याळ धाडावे, कारण शाळेचे घड्याळ पाण्यात गेले असून तास अंदाजाने चालले आहेत. बाईंनी पत्र वर्गात वाचून दाखविले. मुलांनी चौथ्या दिवशी घड्याळ आणले, पेटीसह, हमीपत्रासह. पोहोचविण्याची कामगिरी माझ्याकडे आली.

स्वारगेटहून एस. टी.ने निघालो तो ते खोके मांडीवर धरून. कोल्हापुरात उतरून महावीर उद्यानात त्या पोलिश लोकांच्या स्मरणार्थ उभारलेल्या स्तंभापाशी थोडा वेळ टेकलो, गांधीनगरातून जाताना खिडकीतून बराकी शोधू लागलो. दिसली ती कापडाच्या दुकानांची रांग आणि ताग्यांनी भरलेल्या हातगाड्या. शाळेत पोहोचलो तेव्हा मधली सुट्टी चालू होती. मुख्याध्यापकांनी चहा नंतर, घड्याळ आधी, असे म्हणून शिपायाला स्टूल आणावयास सांगितले. वर्गाच्या भिंतीवर, माझ्या खांद्याच्याही वर, पाण्याची तपकिरी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. शिपायाने जुन्या खिळ्याकडे पाहिले, मान हलविली, आणि रेघेच्या वर हातभर नवा खिळा ठोकला.

दापोडीस परतल्यावर बाईंनी नोंदवही पुढे केली. अनुक्रम एकशे बारा, तपशील भिंतीवरील घड्याळ, नग एक. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिले : 'पोहोचले. पाण्याच्या रेघेच्या वर लावले.'