समास किती सोडला?



गेल्या आठवड्यात आमच्या चाळीतली एक मुलगी एम.ए.चा लघुप्रबंध छातीशी धरून आमच्या दारात उभी राहिली. डोळे सुजलेले. महाविद्यालयाने प्रबंध परत केला होता. लिखाणात खोट नव्हती. पाने वाचावीत, चार पैसे वाचावेत म्हणून पोरीने चारही बाजूंना अर्धाच इंच समास ठेवला आणि डावीकडची अक्षरे बायंडिंगच्या शिलाईत गडप झाली! आई चार घरची धुणीभांडी करते. छपाई पुन्हा, बायंडिंग पुन्हा.

आमच्या वेळी गुरुजी वहीच्या पानावर पट्टीने तांबडी रेघ आखायला लावीत. का, ते कधी सांगितले नाही. रेघ नसली की छडी मात्र मिळे. (व्याकरणातला समास वेगळा. त्याने तर आम्हांस अधिकच छळले.) ज्यांच्या घरी प्राध्यापक काका-मामा असतात, त्यांच्या मुलांना या गोष्टी जेवताना कळतात. आपल्या मुलांना त्या प्रबंध परत आल्यावर कळतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर उंच असतो. बांधून द्यायच्या प्रबंधाला डावीकडे दीड इंच व बाकी तिन्ही बाजूंना १ इंच, असा नियम पुष्कळ ठिकाणी असतो. डावीकडचा तो जादा अर्धा इंच शिलाईचा. नुसता टाचून द्यायचा निबंध असेल तर चारही बाजूंना १ इंच पुरतो. अमेरिकेतल्या एमएलए आणि एपीए या पद्धती तेच सांगतात, शिवाय ओळींत दुप्पट अंतर ठेवायला लावतात. तपासणाऱ्याची पेन्सिल चालायला जागा नको का? तरी आपल्या महाविद्यालयाचा नियम वेगळा असू शकतो. नियमांचा कागद आधी मागून घ्यावा. मागायला लाजू नये.

वर्ड २००७ पासून संगणकावरच्या कोऱ्या पानाला चारही बाजूंना १ इंच समास आपोआप येतो. दुकानदार त्यावरच टाईप करून देतो. दीड इंच आपणच सांगायचा, आणि तोही पहिली ओळ टाईप होण्याआधी.

काही पोरे उलटही करतात. पाने कमी भरली की समास फुगवतात. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच सोडले तर ४० पानांची ५४ होतात! तपासणारे पहिल्याच पानाला ओळखतात. संगणक तर शब्दच मोजून देतो. दुकानात दर पानावर असतो, तेव्हा जादा चौदा पानांचे पैसे बापाच्या खिशातून जातात.

मराठीत लिहिणाऱ्यांनी युनिकोडचा आग्रह धरावा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या दुकानात उघडला की अक्षरांची खिचडी होते. छपाईला नेताना पीडीएफ करून न्यावी.

त्या मुलीबरोबर आम्ही स्वतः दुकानात गेलो. समास सुधारताच ५० पानांची ७० झाली आणि अनुक्रमणिकेतला एकही आकडा जुळेना. ते बदलता बदलता रात्रीचे साडेनऊ वाजले. दुकानवाल्याने अर्धे शटर ओढून घेतले होते.